एका घराला एकच डबी

अणदुरात कुठल्या बाईचा हात केवढा आहे हे तिच्या नवऱ्याला सांगता येणार नाही, नसीमबीला येईल. बांगडीच्या मापानं सव्वादोनचा, अडीचचा, बाळंतपणानंतर भरलेला, दुखण्यानं उतरलेला, असे तीनेकशे हात तिच्या डोक्यात आहेत आणि ते तिनं कुठंही टिपून ठेवलेले नाहीत. लिहिता तिला येतच नाही. उर्दूचे चार हरफ लहानपणी गिरवले होते, ते लग्नानंतर विसरली. मी पंचवीस वर्षं या गावात गणित शिकवतोय आणि वर्गातल्या चाळीस पोरांचे मार्क मला वहीत बघावे लागतात. तेव्हा नसीमबीबद्दल लिहिताना मधूनच माझा मत्सर डोकावला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

सोनारी तिचं माहेर. काळभैरवाच्या जत्रेत तिच्या वडिलांचं बांगड्यांचं पाल असायचं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती इथं रसूल मण्याराच्या घरी आली. रसूल आठवडी बाजारात बसायचा आणि घरोघरची फेरी सासू करायची. सासूनं हिला दोन गोष्टी शिकवल्या. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आणि हात दाबताना बाईला दुसऱ्याच गोष्टीत गुंतवायचं, म्हणजे कळ कळत नाही. तिसरी गोष्ट हिची स्वतःची. काचेला बारीकसा चरा असला तरी ती तो आधी दाखवते आणि घालायची की नाही ते समोरचीवर सोडते. यावरून सासू-सुनेचं पुष्कळ वाजलं होतं म्हणे.

रसूल एक्कावन्न साली तापानं गेला. त्याआधी, निजामाचं राज्य उलथवणाऱ्या अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत, नवरा-बायको आणि सासू अशी ही तिघं अठरा दिवस कोंडाबाईच्या घरात कडब्याच्या खोलीत राहिली होती. कोंडाबाई म्हणजे गावातल्या एका जुन्या लिंगायत घराची कर्ती बाई, नसीमबीपेक्षा वीस वर्षांनी मोठी आणि तोंडानं तिखट. त्या अठरा दिवसांविषयी दोघींपैकी कुणीच बोलत नाही. मीही कधी विचारलेलं नाही. गावातल्या इतर दारांशी नसीमबीचं नातं धंद्याचं आहे, त्या दाराशी त्याहून जास्त आहे, एवढं सगळ्यांना दिसतं.

तर एकसष्ट सालच्या जानेवारीत, आमचा खंडोबा नळदुर्गचा दोन महिन्यांचा मुक्काम संपवून पालखीतून गावात परत आला त्या आठवड्यात, डॉक्टर चंद्रप्रभा माझ्या शाळेत आल्या. मूळच्या तुळजापूरच्या, वडील तिथं शिक्षक. मुंबईला जाऊन त्या दातांच्या डॉक्टर झाल्या होत्या आणि आणखी वरच्या पदवीसाठी हिरड्यांच्या दुखण्यावर प्रबंध लिहीत होत्या. आपल्याकडं त्या दुखण्याला पायरिया म्हणतात. हिरड्या सुजतात, बोट लावलं की रक्त येतं, तोंडाला वास मारतो आणि चाळिशीच्या आत दात हलायला लागतात. आमच्या भागात बायकांत हे फार. भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावल्यामुळं होतं असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणालो.

"तपासल्याशिवाय म्हणू नका मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिथंच मला त्या आवडल्या, कारण हे वाक्य मी पोरांना रोज म्हणतो आणि पाळत मात्र नाही.

त्यांच्याजवळ दात घासायची एक पूड होती, तिच्यात नवीन औषध मिसळलेलं. ते लागू पडतं का हे बघायचं होतं. मला वाटलं, शंभर बायकांना द्यावी आणि सहा महिन्यांनी तोंडं बघावीत, झालं. त्या हसल्या. "त्यातून काहीच कळत नाही. हिरड्या कधी कधी आपोआप निवळतात. शिवाय कुणी चौकशी करतंय म्हटलं की माणूस दात नीट घासायला लागतो. म्हणून निम्म्या बायकांना औषधाची पूड आणि निम्म्यांना नुसती, औषध नसलेली. रंग तोच, लवंगेचा वास तोच."

"आणि कुणाला कुठली ते कोण ठरवणार?"

"कुणीच नाही," असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. पानोपान नुसते आकडे, आणि एकाचाही शेजारच्याशी काही संबंध नाही. मी पाच पानं चाळून काही नियम सापडतो का ते पाहिलं. सापडला नाही. नियम नसणं हीच त्या पुस्तकाची किंमत आहे, हे त्यांनी समजावलं तेव्हा मला माझ्या विषयाचा भर शाळेत अपमान झाल्यासारखं वाटलं. पण मुद्दा पटला. माणसानं वाटणी केली की तो नकळत आपल्या माणसाला झुकतं माप देतो. आकड्यांना कुणी आपलं नसतं. मुंबईतल्या त्यांच्या एका मैत्रिणीनं त्या पुस्तकावरून डब्या भरून त्यांच्यावर नंबर घातले होते. कुठल्या नंबरात काय हे एका बंद लिफाफ्यात होतं, आणि लिफाफा तुळजापूरला वडिलांच्या पेटीत होता. डॉक्टरीणबाईंनाही ते ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक असलं की डोळ्यांना हवं ते दिसतं.

एवढी सगळी तयारी झाली आणि दोन दिवसांत आल्या तीन बायका. मिसरीनं काळे झालेले दात परक्या बाईला कोण दाखवणार? तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना घेऊन नसीमबीकडं गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "फक्त एक करा. निम्म्या डब्यांत औषध नाही हे बायकांना सांगू नका. नाहीतर त्या घासायच्या सोडून देतील."

नसीमबीनं टोपलीवरचं फडकं नीट केलं. "मग मला हे जमायचं न्हाय," ती म्हणाली.

"का बरं?"

"बाई, मी ज्या घरात जाते तिथली बाई डोळे मिटून हात पुढं करती. माझ्या जबानीवर करती. उद्या तिला कळलं की नसीमनं औषध म्हणून भुकटी दिली, तर तो हात पुन्हा यायचा न्हाय. दोन पुडी हायेत, एकीत दवा हाय, एकीत न्हाय, कुणाला कुठली ते मला बी म्हाईत न्हाय, असं सांगते. घ्यायची तिनं घ्यावी. अन् शेवटाला काय निघालं ते तुमच्या दारात येऊन सांगीन, असा शब्द देते. चालत असंल तर बोला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. तिच्याशिवाय बायका येणार नाहीत हे दिसत होतं म्हणून त्या हो म्हणाल्या, पण मनातून नाराज होत्या. मग नसीमबी फेरीला निघाली आणि आठ दिवसांत एकशेबारा बायका आल्या. नाही म्हणणाऱ्या पाच निघाल्या, त्यातली एक माझी बायको.

तपासणी शाळेमागच्या खोलीत व्हायची. डॉक्टरीणबाई ठरलेल्या सहा दातांजवळची हिरडी बघायच्या आणि दर दाताला शून्य ते तीन गुण द्यायच्या. निरोगीला शून्य, नुसत्या बोटानं रक्त आलं तर तीन. म्हणजे अठरा गुण मिळवणारी बाई सगळ्यात नापास. असला उलटा निकाल मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. मध्येच त्यांनी नसीमबीला सांगितलं, "आधी तपासलेल्या दहा जणी मला न सांगता पुन्हा घेऊन या." त्यांना स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा घ्यायची होती. नसीमबीनं दहा जणी आणल्या, पदर असा ओढून की ओळखू येऊ नये. दहापैकी आठ जणींचे गुण आधीच्या गुणांच्या आसपास आले. डॉक्टर स्वतःच परीक्षेला बसते याचं नसीमबीला फार कौतुक वाटलं. त्या दिवसापासून ती डॉक्टरीणबाईंना दुपारची भाकरी स्वतःच्या घरून आणू लागली.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. हिरड्या सुधारलेल्या दिसत होत्या. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या, मी लॉगच्या तक्त्यांचं पुस्तक झटकून ठेवलं होतं. आणि त्याच आठवड्यात नसीमबी कोंडाबाईच्या सुनांना बांगड्या भरायला गेली. मोठी सून प्रेमाबाई आणि धाकटी सीताबाई, दोघीही आमच्या यादीत होत्या. स्वयंपाकघरात कोनाड्यात तिला एकच पितळी डबा दिसला. त्यात लवंगेच्या वासाची गुलाबी पूड होती. नंबर घातलेल्या दोन्ही डब्या बाजूला उपड्या घालून ठेवल्या होत्या, मीठ-मोहरी भरायला.

"मावशी, हे काय केलं?" तिनं कोंडाबाईला विचारलं.

"एक केलं," कोंडाबाई म्हणाली. "एका घरात दोन जावांच्या दोन डब्या? आज दात घासायच्या दोन, उद्या पिठाच्या दोन, परवा चुली दोन. म्या जित्ती हाय तवर न्हाय व्हायचं ते."

 आमच्याकडं घर फुटतं ते असंच, पहिल्यांदा डबे वेगळे होतात. नसीमबी हो-ला हो म्हणाली, बांगड्या भरल्या आणि बाहेर पडली. पुढचे चार दिवस तिनं दुसरा धंदा केला नाही. ज्या घरांतून एकीपेक्षा जास्त बायका यादीत होत्या अशी सव्वीस घरं तिनं पालथी घातली. सतरा घरांत पूड एकत्र झालेली होती.

ती गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. सांगितलं तर दोष तिच्याच माथी येणार होता, कारण डब्या तिनं वाटल्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी ती माझ्या घरी आली. डॉक्टरीणबाई तिथंच होत्या. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सतराही घरांची नावं घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी वहीत त्या सतरा घरांची नावं शोधून खुणा केल्या. मग त्यांनी जे बोलू नये ते बोलून टाकलं. "तुमच्यावर काम सोपवलं ही माझी चूक." नसीमबीनं मान खाली घातली. मला डॉक्टरीणबाईंचा राग आला आणि कीवही आली. त्याच डिसेंबरात प्रबंध द्यायचा होता, आणि समोर चार महिन्यांची माती झालेली दिसत होती.

अशा वेळी गणिताचा मास्तर शहाणपणा करणारच. मी म्हणालो, "एवढं काय झालं त्यात? ती सतरा घरं यादीतून काढून टाकू. उरलेल्यांचा हिशोब करू. बायका कमी होतील, पण काम भागेल." डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. त्या वहीतली नावं मोजायलाही लागल्या.

नसीमबी अजून उभीच होती. "एक इचारू का मास्तर?" ती म्हणाली. "सव्वीसातली सतरा काढली, राहिली नऊ. ती नऊ घरं कोणती, म्हाईत हाय?"

"कोणती?"

"तिथं जावा-जावा बोलत न्हायत. सासू-सुनांचं पटत न्हाय. म्हणून तर डब्या वेगळ्या राहिल्या. गुण्यागोविंदानं राहणारी भरली घरं तुमी काढून टाकणार अन् एकट्या बाया अन् ही भांडणारी घरं बघून सगळ्या गावाच्या हिरड्या सांगणार? त्या भांडणाऱ्या घरांत कुणी धड जेवत सुदिक न्हाय."

मी पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभा आहे. चुकलेलं गणित मला असं उभ्या उभ्या कुणी दाखवून दिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. मग त्या उठल्या, नसीमबीचा हात धरून तिला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "मघाशी बोलले ते मागं घेते. तुम्हीच सांगा आता, काय करायचं?"

"पुन्हा करायचं," नसीमबी म्हणाली. "पर चिठ्ठी बाईच्या नावानं न्हाय टाकायची. घराच्या नावानं टाकायची. एका घराला एकच डबी, मग त्यात किती का बाया असंनात. मिसळायला दुसरी डबीच नको."

ऐकायला सोपं, करायला नाही. घराला एक डबी दिली की मोजणीही घराची करावी लागते. एका चुलीवरचं खाणाऱ्या, एकाच मंजनानं दात घासणाऱ्या दोन जावांच्या हिरड्या एकमेकींसारख्याच असतात. त्यांना दोन धरलं तर आपणच आपल्याला फसवतो. म्हणजे घरातल्या सगळ्या बायकांच्या गुणांची सरासरी काढायची आणि ते घर एक धरायचं. एकशेबारा बायकांची एकाहत्तर घरं झाली. आकडा लहान झाला की खात्री कमी होते, म्हणून आणखी घरं मिळवावी लागणार होती. डॉक्टरीणबाईंनी मुंबईला लांबलचक पत्र लिहिलं. एक वर्ष वाढवून मिळालं, आणि मैत्रिणीकडून घरांसाठी नव्या नंबरांच्या डब्या आणि नवा बंद लिफाफा आला.

गावाला पुन्हा विचारायचं काम नसीमबीचं. ती प्रत्येक दारात गेली आणि आधीचं सगळं वाया गेलं हे सरळ सांगितलं. काही बायका चिडल्या, काहींनी चेष्टा केली. कोंडाबाईच्या दारात मी बरोबर होतो.

"म्या काय गुन्हा केला व्हय?" कोंडाबाई म्हणाली.

"गुन्हा तुमचा न्हाय मावशी, माझा. डबी दिली, पर ती तुमी कुठं ठेवणार ते इचारलं न्हाय. तुमचं घर मला नवं हाय का? मला कळाया पायजे व्हतं."

"आता एकच डबी म्हणतीस?"

"एकच."

"मग दे. अन् शेवटाला काय निघालं ते सांगाया येशील?"

"येईन."

"काय बी निघालं तरी?"

"काय बी निघालं तरी."

परत निघताना नसीमबी मला म्हणाली, की मास्तर, आता हा शब्द माझ्या गळ्यात हाय. तो खोटा पडला तर या गावात माझ्यासमोर कुणी हात धरायचं न्हाय, अन् मावशीच्या दारात तर मलाच जाता यायचं न्हाय. मी तिला म्हणालो, तुम्ही उगाच काळजी करता. पण काळजी उगाच नव्हती, हे मलाही कळत होतं.

ऑगस्टमध्ये ऐंशी घरांत ऐंशी डब्या गेल्या. या वेळी नसीमबी दर पंधरा दिवसांनी बांगड्यांच्या निमित्तानं प्रत्येक घरात डोकवायची. डबी किती रिकामी झाली, कोण घासतं, कोण विसरतं, सगळं डोक्यात ठेवून संध्याकाळी मला सांगायची आणि मी लिहायचो. एकदाही तिच्या सांगण्यात घोळ झाला नाही. माझ्या लिहिण्यात दोनदा झाला, तो तिनंच पकडला. दोन घरांनी मध्ये गाव सोडलं, त्यांचीही नावं आम्ही वहीत ठेवली, का गेले त्याच्यासकट. त्या सहा महिन्यांत आमच्या घरी रोज संध्याकाळी तीन जणांचा चहा व्हायचा. डॉक्टरीणबाई नसीमबीला दातांची नावं शिकवायच्या, नसीमबी त्यांना हात न दुखवता बांगडी कशी चढवायची ते शिकवायची. यादीत यायला नकार देणारी माझी बायको हळूहळू दारातून आत आली आणि चहा करता करता आपल्याही दाढेची कथा सांगू लागली. इतके बरे दिवस माझ्या वाट्याला फारसे आलेले नाहीत.

बासष्टच्या फेब्रुवारीत शेवटची तपासणी संपली. डॉक्टरीणबाईंचे वडील लिफाफा घेऊन एसटीनं स्वतः आले. सगळे गुण शाईनं लिहून झाल्यावरच तो उघडला. मग दोन दिवस मी वर्ग, वर्गमुळं आणि भागाकार करत बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी ते पुन्हा पहिल्यापासून केलं. उत्तर तेच आलं.

औषधाच्या घरांची सरासरी साडेनऊवरून सहावर आली होती. साध्या पुडीच्या घरांची साडेनऊवरून सहा पूर्णांक दोन दशांशावर. फरक दोन दशांशाचा. आणि घराघरांत मुळातच एवढं कमी-जास्त होतं, की त्यात अर्ध्या गुणाचा फरक निव्वळ चिठ्ठीच्या नशिबानंही पडला असता. औषधानं काही केलं म्हणावं असं हातात काहीच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "मग असंच लिहायचं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओढलेला होता, पण तुटलेला नव्हता. "औषध चालत नाही हेही कुणीतरी नीट दाखवावं लागतंच. आपण ते नीट दाखवलंय."

नसीमबीनं मात्र टोपली जवळ ओढली. तिच्यावरचं फडकं बांधता बांधता म्हणाली, "मास्तर, मला भ्या वाटतंय. वर्सभर मी त्या बायांच्या मागं लागले. आता दारात जाऊन सांगू, की ते सगळं फुकाट व्हतं?"

मला तिची दया आली आणि मी पुन्हा एकदा शहाणपणा केला. "औषधाचं कशाला काढता? हिरड्या सुधारल्या, एवढंच सांगा. ते खोटं नाही."

"त्यांनी औषधाचं इचारलंय," ती म्हणाली. "हिरडीचं सांगून कसं भागंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली ती थेट कोंडाबाईच्या दारात. मी वही घेऊन मागोमाग. कोंडाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. आम्हाला बघून दोघी सुना आतून आल्या. नसीमबीनं टोपली खाली ठेवली, पण बसली नाही.

"मावशी, लिफाफा उघडला. औषध कामाचं निघालं न्हाय. ज्यांच्या डबीत ते व्हतं अन् ज्यांच्या डबीत नव्हतं, दोघांच्या हिरड्या सारख्याच सुधारल्या."

"आमच्या डबीत काय व्हतं?" प्रेमाबाईनं विचारलं.

"नुस्ती भुकटी. खडूची. अन् लवंगीचा वास."

"म्हंजे इतकं दिस आमी खडू घासला?"

"व्हय."

सीताबाईनं नकळत जिभेनं हिरडी चाचपली. "मग माझं रगत कशानं थांबलं?"

"ते मला म्हाईत न्हाय," नसीमबी म्हणाली. "डाक्टरीणबाईंना बी म्हाईत न्हाय. रोज बोटानं चोळल्यानं असंल, मिसरी कमी लावल्यानं असंल. असंल म्हणते. हाय असं म्हणत न्हाय."

 नसीमबीनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले. मी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे सावरण्याचं काम नव्हतं.

कोंडाबाईनं मांडीवरची टरफलं झटकली. "नसीम," ती म्हणाली, "ह्या दारात औषध घेऊन लई माणसं आली. वैदू आले, कंपौंडर आले, तालुक्याचे साहेब आले. औषध लागू पडलं न्हाय म्हणून सांगाया परत आलेलं माणूस म्या आज पैल्यांदा बघतीय."

तिनं शेंगांचा ढीग बाजूला सारून शेजारी जागा केली. "बस हितं. अन् आता मिसरीचं काय ते बी चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. माझं नाव आधी घाल."

"चिठ्ठी घराच्या नावानं पडती मावशी."

"मग घराचं घाल."

"आणि मिसरी सोडायची चिठ्ठी निघाली तर?" मी विचारलं. कोंडाबाई पन्नास वर्षं मिसरी लावत होती. सकाळची मिसरी झाल्याशिवाय ती घरातल्या कुणाशी बोलत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

"तर सोडीन," ती म्हणाली. "चिठ्ठी निघाली म्हंजे निघाली. त्यात मास्तर, तुमाला काय अडचण हाय?"

नसीमबी तिच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. कोंडाबाईनं तिला गप्प केलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला. मी वहीचं कोरं पान काढून त्यावर कोंडाबाईच्या घराचं नाव लिहिलं. लिहिताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.